आयनायझेशन एनर्जीच्या आकड्यांवरून कॉन्फिगरेशन कसं वाचायचं

तुझा प्रश्न थोडक्यात असा की एका एलिमेंटच्या लागोपाठच्या आयनायझेशन एनर्जी दिल्यात, ५७८, १८१७, २७४५, ११५७७, १४८४२ किलोज्यूल पर मोल, आणि क्लासमध्ये सांगितलं की तिसऱ्यानंतर उडी आहे म्हणून हा ग्रुप १३ चा, म्हणजे ॲल्युमिनियम. तुझं म्हणणं, उडी तर पहिल्या आणि दुसऱ्यातही आहे, ५७८ चे थेट १८१७, तिपटीच्या वर, मग ती का नाही धरायची? आणि दुसरं, प्रत्येक वेळी एनर्जी वाढतेच का, आणि सगळ्याचं उत्तर "ऑक्टेट (बाहेरच्या शेलमध्ये आठ इलेक्ट्रॉन) स्टेबल असतो" एवढंच का मिळतं?

प्रश्न फार चांगला आहे, मनापासून सांगते. मी नाशिकला ज्युनिअर कॉलेजात बरीच वर्षं केमिस्ट्री शिकवते आणि "पहिली उडी का नाही धरायची" हे विचारणारी मुलं कमी भेटतात, बाकीचे सगळ्यात मोठी उडी शोधून ग्रुप लिहून मोकळे होतात. सविस्तर लिहिते, वही घेऊन बस.

आधी व्याख्या नीट करून घेऊ कारण अर्धा गोंधळ तिथेच असतो. पहिली आयनायझेशन एनर्जी, थोडक्यात पहिली आयई, म्हणजे गॅस अवस्थेतल्या एकट्या अणूतून सगळ्यात सैल धरलेला एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी एनर्जी. दुसरी आयई म्हणजे "दोन इलेक्ट्रॉन काढायची एनर्जी" नाही, आधीच एक गेलाय त्या प्लस वन आयनमधून पुढचा एक काढायची. दोन्ही काढायला किती लागली असं विचारलं तर बेरीज करायची. गॅस का, तर सॉलिडमध्ये किंवा पाण्यात शेजारचे अणू ओढाताण करत असतात, ती आपल्याला नकोय, फक्त हा अणू आणि त्याचा इलेक्ट्रॉन एवढंच मोजायचंय.

आता वाढतेच का. इथे पेपरात हमखास लिहिलं जातं की "न्यूक्लिअर चार्ज वाढतो म्हणून". नाही वाढत. ॲल्युमिनियमचे १३ प्रोटॉन शेवटपर्यंत १३ च असतात. कमी होतात ते इलेक्ट्रॉन. एक गेला की उरलेल्यांना एकमेकांचं रिपल्शन कमी होतं, ते थोडे आत सरकतात, आणि जो पुढचा निघणार आहे त्याला मागे ओढणाऱ्या आयनचा चार्ज आता एकने जास्त असतो. पहिला इलेक्ट्रॉन निघताना मागे प्लस वन राहतो, दुसरा निघताना प्लस टू, तिसरा निघताना प्लस थ्री. म्हणजे शेल (इलेक्ट्रॉन ज्या मजल्यावर असतो तो) बदलो न बदलो, आकडा वाढणारच, त्याला अपवाद नाही.

आणि ही वाढच तुझ्या प्रश्नाचं मूळ आहे. ५७८ वरून १८१७ मध्ये दोन गोष्टी एकत्र मिसळल्यात, एक म्हणजे चार्ज एकाचा दोन झाला, दुसरी म्हणजे इलेक्ट्रॉन वेगळ्या जागेवरून निघाला. आपल्याला जागा हवीय, चार्जमुळे झालेली वाढ नकोय. मग ती काढून टाकायची. कशी, तर प्रत्येक आयईला तिच्या क्रमांकाने भागायचं. पहिलीला १ ने, दुसरीला २ ने, तिसरीला ३ ने, बास. करून बघ:

५७८, ९०८, ९१५, २८९४, २९६८

बघ काय झालं. ५७८ एकटा. ९०८ आणि ९१५ अगदी चिकटून. मग २८९४ आणि २९६८ परत चिकटून. एक, दोन, आणि मग आतला मजला. थ्री पी मध्ये १, थ्री एस मध्ये २, त्यानंतर टू पी सुरू (थ्री, टू हे शेलचे नंबर, एस, पी, डी हे शेलमधले भाग). म्हणजे तुला खटकलेली पहिली उडी बरोबरच होती, पण तिच्यातला मोठा भाग फक्त चार्ज दुप्पट झाल्याचा होता, उरलेला दीडपट हा पी मधून एस मध्ये गेल्याचा. आणि तिसऱ्यानंतर मात्र भागल्यावरही आकडा तिप्पट होतो, ती खरी शेल बदलल्याची उडी. ग्रुप काढायला शेल बदलते ती उडी धरायची, म्हणजे बाहेर ३ इलेक्ट्रॉन, ग्रुप १३.

हे भागणं काही कुठल्या पुस्तकातला नियम नाही, चाळणी आहे. त्यामागचं कारण एवढंच की बाहेर असलेल्या इलेक्ट्रॉनवरची ओढ ढोबळमानाने मागे राहणाऱ्या चार्जच्या प्रमाणात असते आणि अंतराच्या उलट प्रमाणात, तर चार्जने भागलं की अंतराबद्दलची माहिती उरते. बोर्डाच्या उत्तरात हे लिहू नकोस, तिथे कॉन्फिगरेशन, म्हणजे कुठल्या भागात किती इलेक्ट्रॉन आहेत ते, लिहून कारण दे. पण स्वतःला कळायला आणि सीईटी-नीटला कॅल्क्युलेटर नसताना तोंडी करायला याच्याइतकं सोपं काही नाही. आपल्या देवळालीचे गणितज्ञ कापरेकर मास्तर, ६१७४ या आकड्यासाठी प्रसिद्ध, आकड्यांची मांडणी बदलून बदलून बघायचे, ती सवय केमिस्ट्रीतही लागू पडते.

आता जरा मोठं उदाहरण, माझं सगळ्यात आवडतं, सोडियम. त्याच्या अकराच्या अकरा आयई अशा: ४९६, ४५६२, ६९१०, ९५४३, १३३५४, १६६१३, २०११७, २५४९६, २८९३२, १४१३६२, १५९०७६.

नुसती वजाबाकी केलीस तर फसशील. ४९६ ते ४५६२ चा फरक ४०६६, आणि २८९३२ ते १४१३६२ चा फरक एक लाख बारा हजाराच्या वर. सगळ्यात मोठा फरक बघणारा म्हणणार की बाहेर ९ इलेक्ट्रॉन आहेत. म्हणून वजाबाकी नाही, गुणोत्तर बघायचं, पहिली उडी नऊ पट आहे आणि नंतरची पाच पट. आणि भागून बघितलंस तर:

४९६
२२८१, २३०३, २३८६
२६७१, २७६९, २८७४
३१८७, ३२१५
१४१३६, १४४६१

ओळी मी पाडल्यात पण आकड्यांनीच त्या पाडायला लावल्यात. एक, तीन, तीन, दोन, दोन. पहिला थ्री एस चा. शेवटचे दोन वन एस चे. मधले आठ टू शेलचे, पण ते आठ एकसारखे नाहीत, शेवटचे दोन टू एस चे आहेत आणि त्याआधीचे सहा टू पी चे, आणि त्या सहांचेही तीन-तीन असे दोन भाग पडलेत. का पडले? टू पी मध्ये तीन ऑर्बिटल, प्रत्येकात दोन. सहा असताना पहिले तीन जे निघतात त्या प्रत्येकाचा त्याच ऑर्बिटलमध्ये जोडीदार असतो आणि जोडीदाराचं रिपल्शन त्याला बाहेर ढकलायला मदत करतं. तीन निघाले की उरलेले तीन आपापल्या ऑर्बिटलमध्ये एकटे, ढकलणारं कोणी नाही, म्हणून तिथे आकडा थोडा वर सरकतो. हुंडचा नियम, आधी प्रत्येक ऑर्बिटलमध्ये एकेक आणि मगच जोड्या, तू पाठ केलायस ना, तो इथे उघड्या डोळ्यांनी दिसतोय. मला आजही हा तक्ता फळ्यावर लिहिताना आनंद होतो कारण कॉन्फिगरेशन हे कोणीतरी वरून सांगितलेलं नाही, ते मोजलेल्या आकड्यांत लिहिलेलं आहे. आपण मुलांना आधी कॉन्फिगरेशन शिकवतो आणि मग आयई "समजावतो", माझ्या मते उलटं करायला हवं, आकडे हा पुरावा आहे आणि कॉन्फिगरेशन हा त्यातून काढलेला निष्कर्ष.

आणि शेवटचा आकडा पडताळून बघता येतो. सगळे गेल्यावर एकच इलेक्ट्रॉन उरला की तो अणू हायड्रोजनसारखाच, फक्त चार्ज जास्त. हायड्रोजनची आयई १३१२. बोरच्या १९१३ च्या थिअरीप्रमाणे एकट्या इलेक्ट्रॉनची आयई १३१२ गुणिले अणुक्रमांकाचा वर्ग. हिलियमची दुसरी, १३१२ गुणिले ४ म्हणजे ५२४८, मोजलेली ५२५१. लिथियमची तिसरी, गुणिले ९ म्हणजे ११८०८, मोजलेली ११८१५. सोडियमची अकरावी, गुणिले १२१ म्हणजे १५८७५२, मोजलेली १५९०७६. किती जवळ आहे बघ, आणि जो थोडासा फरक हळूहळू वाढतोय तो मुख्यतः रिलेटिव्हिटीचा, कारण जड न्यूक्लिअसभोवती इलेक्ट्रॉन जास्त वेगाने फिरतो.

मग एकापेक्षा जास्त इलेक्ट्रॉन असले की काय होतं? लिथियमचा बाहेरचा टू एस चा घे. आतल्या दोघांनी ३ पैकी २ चार्ज पूर्ण झाकला असता तर बाहेरच्याला फक्त १ चार्ज दिसला असता, आणि टू शेल असल्यामुळे १३१२ भागिले ४ म्हणजे ३२८ आली असती. खरी आहे ५२०. म्हणजे त्याला दिसणारा चार्ज १ नाही, साधारण १.२६ आहे. झाकण पूर्ण नाही. मुलं इथे कांद्याचं उदाहरण देतात, शेल म्हणजे कांद्याचे थर, आणि लासलगाव आपल्याच जिल्ह्यात असल्यामुळे ते पटकन सुचतंही, पण हे चित्र डोक्यातून काढून टाक. कांद्याचा बाहेरचा थर कधी आतल्या थराच्या आत जात नाही, टू एस चा इलेक्ट्रॉन मात्र थोडा वेळ वन एस च्याही आत, न्यूक्लिअसच्या अगदी जवळ सापडतो. एस सगळ्यात जास्त घुसतो, पी त्यापेक्षा कमी, डी अजून कमी. म्हणून एकाच शेलमध्येसुद्धा एस चा काढायला पी पेक्षा जास्त एनर्जी लागते, आणि म्हणूनच मॅग्नेशियमची ७३८ असताना पुढच्या ॲल्युमिनियमची ५७८ च, प्रोटॉन एक जास्त असूनही, कारण निघणारा इलेक्ट्रॉन थ्री पी चा आहे. बेरिलियम ८९९ आणि बोरॉन ८०१ तेच.

आता नायट्रोजन आणि ऑक्सिजन, १४०२ आणि १३१४. उत्तर ठरलेलं, "हाफ फिल्ड स्टेबल असतं". मला हे वाक्य आवडत नाही कारण त्यात कारण काहीच नाही, नाव ठेवून गप्प बसणं आहे. दोघांच्याही आयई क्रमांकाने भागून बघ. नायट्रोजन: १४०२, १४२८, १५२६ आणि मग १८६९, १८८९. ऑक्सिजन: १३१४, मग १६९४, १७६७, १८६७, मग २१९८, २२२१. ऑक्सिजनच्या टू पी मधले तीन इलेक्ट्रॉन आपसात जवळ आहेत आणि पहिला तेवढा खाली घसरलाय. म्हणजे नायट्रोजनमध्ये काही खास जादू आहे असं नाही, ऑक्सिजनचा चौथा पी इलेक्ट्रॉन हा जोडीत बसलेला आहे आणि तोच स्वस्तात निघतो. तो एकदा गेला की ऑक्सिजनचा आयन नायट्रोजनसारखाच, पी मध्ये तीन, सगळे एकटे. म्हणून दुसऱ्या आयईमध्ये गाडी एक डबा पुढे सरकते, ऑक्सिजनची दुसरी ३३८८ आणि फ्लोरिनची ३३७४, इथे ऑक्सिजन वर. बोरॉनची दुसरी २४२७, कार्बनची २३५३, इथे बोरॉन वर. नीटला असले प्रश्न येतात तेव्हा ट्रेंड आठवत बसू नकोस, आधी एक इलेक्ट्रॉन काढून आयनचं कॉन्फिगरेशन लिही आणि मग तुलना कर.

बारीक चढउतारांवर मात्र भाळू नकोस. क्लोरीनचे भागून आकडे १२५१, ११४९, १२७४, १२९०, १३०८, १५६०, १५७४ आणि मग ४२००. पहिला दुसऱ्यापेक्षा जास्त आलाय, त्यावरून काही सिद्ध होत नाही, चाळणी जाडीभरडी आहे, गट दिसले की पुरे.

"स्टेबल" वर थोडं अजून बोलायचंय कारण तू ते मुद्दाम विचारलंयस. सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायचाय, त्याला ऑक्टेट हवाय, असं आपण सर्रास बोलतो. सोडियमला काही नको असतं. ४९६ किलोज्यूल घातल्याशिवाय तो इलेक्ट्रॉन सोडत नाही. क्लोरीन तो घेतो तेव्हा ३४९ परत मिळतात, तरी १४७ चा खड्डा राहतोच. तो भरून निघतो मीठ तयार होताना, प्लस आणि मायनस आयन एकमेकांना चिकटून क्रिस्टल होतो तेव्हा, तिथे जवळजवळ ७८७ बाहेर पडतात. मग सोडियम प्लस टू का होत नाही? कारण पुढचा इलेक्ट्रॉन ४५६२ मागतो आणि तेवढं परत देणारा क्रिस्टल नाही. मॅग्नेशियमचे ७३८ आणि १४५१ मिळून २१८९ होतात, हे प्लस टू आयनचा क्रिस्टल भरून काढू शकतो, पण तिसरा ७७३३ मागतो, तिथे हिशोब बसत नाही. व्हॅलन्सी म्हणजे हा हिशोब. उडी कुठे आहे यावर तो ठरतो, अणूच्या आवडीनिवडीवर नाही.

आणि "स्टेबल" म्हणून पाठ केलं तर कुठे फसतो त्याचं उदाहरण तुझ्या घराजवळच आहे. तू दिंडोरीची आहेस म्हणालीस, म्हणजे द्राक्षावर डाऊनी रोगासाठी बोर्डो मिश्रण मारताना बघितलंच असशील, मोरचूद आणि चुना. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, त्यातलं कॉपर प्लस टू आहे. पण कॉपरची पहिली आयई ७४५ आणि दुसरी १९५८, आणि कॉपर प्लस वन चं कॉन्फिगरेशन थ्री डी मध्ये पूर्ण १०. "फुल्ली फिल्ड स्टेबल" खरं असतं तर पाण्यात कॉपर प्लस वनवर थांबायला हवं होतं. थांबत नाही, कारण प्लस टू आयन लहान आणि जास्त चार्जचा, पाण्याचे रेणू त्याला इतके घट्ट धरतात की दुसऱ्या इलेक्ट्रॉनचा खर्च भरून निघतो. उलट प्लस वन पाण्यात टाकला तर तो टिकत नाही, अर्धा कॉपर धातू होतो आणि अर्धा प्लस टू. ते निळं पाणी बघशील तेव्हा लक्षात ठेव की आयई हा हिशोबाचा एकच रकाना आहे, अख्खा हिशोब नाही.

डी ब्लॉकचं अजून एक. आयर्नच्या आयई ७६२, १५६२, २९५७, ५२९०, भागून ७६२, ७८१, ९८६, १३२२. पहिले दोन चिकटून, ते फोर एस चे. म्हणजे भरताना फोर एस आधी भरला असला तरी निघतानाही तोच आधी निघतो. एन प्लस एल चा नियम (ऑर्बिटल भरायचा क्रम सांगणारा) न्यूट्रल अणू एकामागून एक भरत नेताना वापरायचा असतो, तो इलेक्ट्रॉन काढायच्या क्रमाबद्दल काही सांगत नाही. थ्री डी आत आटोपशीर बसलेलं असतं, फोर एस बाहेर पसरलेला, बाहेरचा आधी निघणार. तिसरा ९८६ हा डी मधला जोडीतला, आणि तो गेल्यावर डी मध्ये पाच एकटे उरतात म्हणून पुढचा १३२२. पण बघ, कुठेही सोडियमसारखी नऊ पट उडी नाही, पायऱ्या छोट्या आहेत, म्हणून आयर्न प्लस टू पण चालतं आणि प्लस थ्री पण. मॅग्नेशियमला ती मुभा नाही.

शेवटचं, हे आकडे येतात कुठून, कारण तू एक्सायटेशन आणि आयनायझेशन एकच समजतेयस असं प्रश्नाच्या शेवटच्या ओळीवरून वाटलं. इलेक्ट्रॉन वरच्या लेव्हलला नेणं वेगळं आणि अणूबाहेर काढणं वेगळं. एलईडी यायच्या आधी आपल्या रस्त्यांवर जे पिवळे सोडियमचे दिवे होते त्यांचा प्रकाश ५८९ नॅनोमीटरचा, म्हणजे साधारण २०३ किलोज्यूल पर मोल, थ्री पी मधून थ्री एस मध्ये परत येताना सुटणारा. पूर्ण बाहेर काढायला ४९६ लागतात, म्हणजे २४१ नॅनोमीटरचा अल्ट्राव्हायोलेट. हा गोंधळ मोठमोठ्यांचाही झालाय, फ्रँक आणि हर्ट्झ यांनी १९१४ मध्ये पाऱ्याच्या वाफेत ४.९ इलेक्ट्रॉन व्होल्ट मोजले तेव्हा त्यांना ती आयनायझेशन वाटली होती, ती निघाली एक्सायटेशन, पाऱ्याची खरी आयई १०.४ आहे. आयई काढायचा जुना खात्रीचा मार्ग म्हणजे स्पेक्ट्रमच्या रेषा जिथे एकमेकींच्या जवळ येत येत संपतात ती मर्यादा बघायची, हायड्रोजनला ती ९१.२ नॅनोमीटरला येते आणि तिथूनच १३१२ येतात. आणि एकदा हे आकडे हातात आले की मेघनाद साहांनी १९२० मध्ये त्यावरून सूर्यावर कुठला अणू किती आयनाइज झालेला असेल याचं समीकरण मांडलं, ताऱ्यांचे स्पेक्ट्रम वेगवेगळे दिसतात ते मुख्यतः तापमानामुळे, हे त्यातून कळलं. तू जे पाच आकडे बघून वैतागलीस तशाच आकड्यांवर ते उभं आहे.

आता एक तू कर. सल्फरच्या आयई १०००, २२५२, ३३५७, ४५५६, ७००४, ८४९६, २७१०७. क्रमांकाने भाग, गट पाड, ग्रुप सांग, आणि पहिला एकटा का पडतो ते एका वाक्यात लिहून पाठव, त्यात "स्टेबल" हा शब्द नको.